‘गरम करून बघा’ : ग्राफिक्स कार्डावरच्या एका लोकप्रिय उपायाची चिकित्सा

संशोधन पद्धतीचं पुस्तक वाचताना दावा, पुरावा, नियंत्रित गट हे शब्द पाठ होतात. पेटच्या पहिल्या पेपरात त्यावर प्रश्न येतो, आपण बरोबर पर्यायावर खूण करतो आणि विसरून जातो. म्हणून आज असा एक दावा घेऊ, जो तुमच्या टेबलावरच पडलेला असण्याची शक्यता आहे.

कळवण, अभोणा, नांदुरी या भागातून नाशिक-पुण्याला शिकायला गेलेल्या बऱ्याच मुलांकडे जुना किंवा सेकंडहँड लॅपटॉप असतो. घरात मशीन एकच. त्यावरच प्रबंध, त्यावरच ग्राफ, त्यावरच फेलोशिपचे फॉर्म. मग एक दिवस स्क्रीनवर रंगीत रेषा येतात, चौकोनी ठिपके येतात, किंवा पंखा फिरतो पण स्क्रीन काळीच राहते. विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं : “ग्राफिक्स चिप गेली. मदरबोर्ड काढ, चिपला हीट गन मार, नाहीतर बोर्ड ओव्हनमध्ये ठेव. सोल्डरला तडा गेलेला असतो, ते वितळून परत जुळतं.” असे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी लॅपटॉप खरोखर चालू होताना दिसतो.

हा उपाय मूर्खपणाचा आहे असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण तसं केलं तर आपण काहीच शिकणार नाही. तो नीट तपासू.

एक दावा नाही, तीन दावे

पहिलं काम म्हणजे दावा सुटा करणं. वरच्या सल्ल्यात तीन वेगळी विधानं एकाच पोत्यात भरली आहेत :

(अ) गरम केल्यावर लॅपटॉप चालू होतो.
(ब) सोल्डर वितळून जुळल्यामुळे तो चालू होतो.
(क) म्हणजे तो दुरुस्त झाला.

(अ) हे निरीक्षण आहे, (ब) ही कारणमीमांसा आहे आणि (क) हा निष्कर्ष आहे. व्हिडिओत पुरावा फक्त (अ) चा असतो. (ब) आणि (क) त्याच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करतात. एखादा शोधनिबंध वाचतानाही हे लक्षात ठेवा. निरीक्षण खरं असलं म्हणून त्याला जोडलेलं कारण खरं ठरत नाही.

(ब) ची तपासणी : चिपखाली नेमकं काय असतं

लॅपटॉपमधलं ग्राफिक्स ‘कार्ड’ बहुतेक वेळा कार्ड नसतंच. ती मदरबोर्डवर कायमची जोडलेली चिप असते. तिच्याखाली सोल्डरचे दोन मजले असतात आणि सगळा घोळ इथेच होतो.

वरच्या मजल्यावर सिलिकॉनचा छोटा तुकडा एका हिरव्या पातळ पाटीवर बसवलेला असतो. त्या पाटीला सबस्ट्रेट म्हणतात. दोघांना जोडणारे अतिसूक्ष्म सोल्डरचे थेंब म्हणजे ‘बंप’. त्यांची उंची मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यांच्या भोवती अंडरफिल नावाचा चिकट राळेसारखा पदार्थ भरून कडक केलेला असतो. खालच्या मजल्यावर ती हिरवी पाटी मोठ्या सोल्डर गोळ्यांनी, म्हणजे ‘बॉल’नी, मदरबोर्डला जोडलेली असते.

आता तापमानं बघा. जुनं शिसं-कथील सोल्डर (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आले आणि उद्योग शिसेविरहित सोल्डरकडे वळला. त्यातलं नेहमीचं मिश्रण २१७ ते २२० अंशांना वितळतं. त्या काळातल्या अनेक चिपच्या आतल्या बंपमध्ये मात्र ९० टक्क्यांहून जास्त शिसं असायचं, कारण अशा सोल्डरला निर्बंधातून सूट होती. ते वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं.

ओव्हनची नेहमी सांगितली जाणारी कृती काय? साधारण १९५ ते २०० अंश, आठ-दहा मिनिटं. म्हणजे २००६ नंतरच्या बोर्डावरचे खालचे बॉलसुद्धा यात वितळत नाहीत, वरचे बंप तर लांबच राहिले. हेअर ड्रायर या आकड्यांच्या जवळपासही जात नाही. तरीही लॅपटॉप चालू होतो! म्हणजे (अ) खरं असूनही (ब) स्वतःच्याच आकड्यांवर पडतं. वितळलंच नाही, तर वितळून जुळलं कसं?

हीट गनने २२० च्या वर नेलं तर? बॉल वितळतील, मान्य. पण तडा बंपमध्ये असेल तर उपयोग नाही. नव्या चिपमधले बंप शिसेविरहित असले तरी ते अंडरफिलमध्ये गाडलेले असतात. तिथे फ्लक्स पोचत नाही आणि तड्याच्या पृष्ठभागावर धरलेला ऑक्साइडचा थर जात नाही.

तडा जातो कशामुळे

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही, पण त्याच जागी वाकवत राहिलं की तुटते. इथे वाकवायचं काम तापमान करतं. सिलिकॉन एका अंशाला दशलक्षात साधारण ३ भाग प्रसरण पावतं, हिरवी पाटी साधारण १७ भाग. फरक १४.

सोपा हिशेब करू. चिपच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत अंतर ७ मिमी धरा, म्हणजे ७,००० मायक्रॉन. लॅपटॉप ३० अंशांवरून ९० वर गेला, म्हणजे बदल ६० अंशांचा. ७,००० × ०.०००००१४ × ६० घेतलं तर ०.५८८ येतं. थांबा, इथे एक सवय लावून घ्या : शून्यं मोजा. दशलक्षात १४ म्हणजे ०.००००१४. मग उत्तर ५.८८ मायक्रॉन, म्हणजे जवळपास ६. बंपची उंची ८० मायक्रॉन धरली तर कोपऱ्यातला बंप स्वतःच्या उंचीच्या ७ टक्क्यांपेक्षा जास्त आडवा ओढला जाईल. हा ताण वाटून घेण्यासाठीच अंडरफिल असतं. ते योग्य नसेल तर सगळा भार बंपवर येतो. लॅपटॉप दर वेळी तापला आणि थंड झाला की एक फेरी पूर्ण.

धातूच्या या थकव्याला कॉफिन-मॅन्सन संबंध लावतात. सोल्डरसाठी घातांक ढोबळपणे २ धरला तर तापमानातला चढउतार अर्धा केल्यावर फेऱ्यांचं आयुष्य सुमारे चौपट होतं. ६० ऐवजी ४५ अंशांचा चढउतार ठेवला तर सुमारे १.८ पट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

२००८ : हे फक्त तुमच्याच नशिबात नव्हतं

‘वापरणाऱ्याने तापवून चिप जाळली’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येतं. ते नेहमी खरं नसतं, याचा लेखी पुरावा आहे. २ जुलै २००८ ला एनव्हिडिया कंपनीने जाहीर केलं की तिच्या मागच्या पिढीच्या काही लॅपटॉप चिपमध्ये सिलिकॉन आणि पॅकेजिंगचा साहित्यसंच कमकुवत आहे आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद करावी लागेल. त्या तिमाहीत प्रत्यक्ष १९.६ कोटी डॉलर हिशेबात धरले गेले. कंपनीने लॅपटॉपची रचना आणि वापराच्या सवयी यांचाही वाटा असल्याचं म्हटलं. पत्रकार चार्ली डेमेर्जियन यांनी त्याच वर्षी लेखमाला लिहून जास्त शिशाचे बंप आणि लवकर मऊ पडणारं अंडरफिल यांच्याकडे बोट दाखवलं.

डेलने तेव्हा पंखा जास्त वेळ फिरवणारं बायोस अपडेट दिलं. वरचा हिशेब आठवा. चढउतार कमी केला की आयुष्य वाढतं, त्यामुळे कल्पना चुकीची नव्हती. पण गेलेला तडा त्याने भरत नाही. ते दुखणं पुढे ढकलणं होतं.

दुसरं उदाहरण एक्सबॉक्स ३६० चं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याच्या बिघाडांसाठी १०० कोटी डॉलरहून जास्त तरतूद केली आणि त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षं केली. लोकांनी टॉवेल गुंडाळून कन्सोल तापवायचा उपाय शोधला होता आणि तो थोडे दिवस चालायचा. सगळे म्हणायचे, मदरबोर्डचं सोल्डर सुटलंय. २०२१ च्या माहितीपटात त्या काळचे हार्डवेअर प्रमुख टॉड होल्मडाल यांनी सांगितलं की जोड तुटत होते ते घटकांच्या आतले, वारंवार तापण्या-थंडावण्याने. म्हणजे बिघाड वरच्या मजल्यावर आणि इलाज खालच्या मजल्याच्या नावाने. टॉवेलने सोल्डर वितळणं तर शक्यच नव्हतं.

मग चालू का होतो?

इथे टीकाकारानेही प्रामाणिक राहायला हवं. (अ) खरं आहे, तर त्याचं पर्यायी स्पष्टीकरण द्यावं लागेल.

पहिलं : तापवल्यावर सगळे थर प्रसरण पावतात, थोडे वाकतात आणि तडा गेलेल्या दोन बाजू पुन्हा एकमेकींना टेकतात. संपर्क आला, जोड झाला नाही. घरातला छताचा पंखा काठीने ढकलला की फिरतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. काठीने कपॅसिटर बरा होतो असं आपण म्हणत नाही. हीट गन ही ती काठी आहे.

दुसरं जास्त महत्त्वाचं : बोर्ड गरम करायच्या आधी तो काढावा लागतो. मग बॅटरी सुटते, रॅम निघते, डिस्प्लेची केबल निघते, हीट सिंकमधला धुळीचा बोळा निघतो, नवीन थर्मल पेस्ट लागते. जोडताना सगळे कनेक्टर पुन्हा घट्ट बसतात. यातलं एक-एक कारण काळी स्क्रीन घालवायला पुरेसं असू शकतं. आपल्याकडे कांद्याच्या हंगामात चाळीशेजारच्या खोलीत ठेवलेल्या लॅपटॉपच्या जाळीत काय काय अडकतं ते उघडून बघा. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि श्रेय सहाव्या गोष्टीला दिलं, तर परीक्षक व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच विचारेल.

पुरावा कसा असायला हवा होता

समजा हा तुमचा प्रबंध आहे. एकाच मॉडेलचे, एकाच लक्षणाचे ४० लॅपटॉप घ्या. चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. दोन्ही गट उघडा, साफ करा, पेस्ट लावा, परत जोडा. फक्त एका गटाची चिप गरम करा. नंतर तपासणाऱ्याला गट सांगू नका. मग ९० दिवस रोज नोंद ठेवा : चालतोय की बंद पडला, कितव्या दिवशी.

आता याच्याशी व्हिडिओची तुलना करा. नमुना एक. नियंत्रित गट नाही. निरीक्षणाचा कालावधी दहा मिनिटं. आणि ज्याचा बोर्ड भाजून कायमचा मेला, तो व्हिडिओ टाकतच नाही. याला टिकलेल्यांचाच पूर्वग्रह म्हणतात. शंभर जणांनी व्हिडिओ टाकले म्हणजे नमुना शंभर झाला असंही नाही, कारण ते शंभर कसे निवडले गेले हेच आपल्या हातात नाही.

सल्ल्याची बाजू

हा उपाय सरसकट खोटा नाही. लॅपटॉप पडला, बोर्ड वाकला, तर खालच्या बॉलना तडा जाऊ शकतो. तिथे योग्य मशीनवर, तापमानाचा आलेख सांभाळून, फ्लक्स वापरून केलेलं रिफ्लो किंवा रिबॉल टिकतं. कारखान्यात बोर्ड तयार होतो तोही याच पद्धतीने. आणि हा उपाय करणाऱ्यांकडे बहुतेक वेळा दुसरा पर्यायही नसतो. चिप बोर्डला जोडलेली, बोर्डची किंमत जुन्या लॅपटॉपएवढी, सुटा भाग मिळत नाही. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं ते याच तक्रारीवर, पण जुन्या मॉडेलची चिप त्याने कळवणच्या बाजारात येत नाही. म्हणून हीट गन मारणाऱ्यावर हसू नका. आक्षेप फक्त त्याच्या ‘दुरुस्त झाला’ या शब्दावर आहे.

(क) ची तपासणी : संशोधकासाठी खरा धोका

समजा गरम केलेला लॅपटॉप दोन महिने चालला. बाकीच्यांना तेवढं पुरतं. तुम्हाला नाही. तुम्ही त्याच ग्राफिक्स चिपवर ग्रोमॅक्समध्ये रेणूंचं सिम्युलेशन लावता किंवा न्यूरल नेटवर्क शिकवता. अर्धवट संपर्कातली चिप दर वेळी बंद पडूनच तक्रार करेल असं नाही. ती चुकीचा आकडा देऊन गप्प बसू शकते.

याचा अभ्यास झालेला आहे. इम्रान हक आणि विजय पांडे यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात फोल्डिंग अॅट होम या प्रकल्पातल्या ५०,००० हून अधिक संगणकांवर ग्राफिक्स मेमरीची चाचणी चालवली. प्रयोगशाळेतल्या नियंत्रित चाचणीत एकही चूक सापडली नाही. पण लोकांच्या घरी बसवलेल्या कार्डांपैकी दोन-तृतीयांश कार्डांमध्ये मेमरीच्या चुका आढळल्या. ती त्या काळातली विशिष्ट कार्डं होती, हा आकडा उचलून तुमच्या लॅपटॉपला लावू नका. पण दोन गोष्टी घ्या. चूक शांतपणे होऊ शकते. आणि त्या दोघांनी आधी नियंत्रित चाचणी केली म्हणून आपण त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

तुमच्या टेबलावर काय कराल

१. आधी डेटा. ग्राफिक्स गेलं म्हणजे डेटा गेला नाही. एसएसडी किंवा हार्ड डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घाला आणि दुसऱ्या संगणकाला लावा. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लागेल. ती आजच, लॅपटॉप चालू असताना, वहीत लिहून ठेवा.

२. निदान सोपं करत जा. रेषा बायोसच्या स्क्रीनवरही दिसतात का? दिसल्या तर ड्रायव्हरचा दोष नाही. स्क्रीनशॉट घेऊन मोबाइलवर बघा. रेषा त्यातही असतील तर संशय चिप किंवा मेमरीवर, नसतील तर आधी पॅनल आणि केबल तपासा. झाकण हलवल्यावर रेषा बदलतात का? बाहेरचा मॉनिटर लावल्यावर काय होतं? रॅमची पट्टी बदलून बघितली का? एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा.

३. चिप दोन आहेत का बघा. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरमध्येच एक साधं ग्राफिक्स असतं आणि वेगळी चिप जोडीला असते. तसं असेल तर वेगळी चिप डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करा. लिखाण, ग्राफ, मीटिंग यांना साधं ग्राफिक्स पुरतं. गेम जातील, प्रबंध वाचेल.

४. साफसफाई आणि पेस्ट. हे गरम करण्याआधी, आणि गरम न करताही करा. निम्म्या प्रश्नांचं उत्तर इथे मिळालं नाही तरी गोंधळात टाकणारं एक कारण कमी होतं.

५. दुकानात नेमकं विचारा. कळवणला असो की सत्तर-ऐंशी किलोमीटर लांब नाशिकच्या एम. जी. रोडवर : “दादा, नुसतं गरम करणार, बॉल बदलणार, की चिपच नवी टाकणार? नवी असेल तर कुठल्या बॅचची? गॅरंटी लेखी किती दिवसांची?” जो तिन्हींतला फरक सांगतो त्याच्याकडे काम द्या.

६. मोठी गणितं बाहेर न्या. विभागाचा संगणक, विद्यापीठाची सुविधा, गुगल कोलॅब. तरीही जुन्या चिपवर काही चालवलंच असेल तर त्याचा एक छोटा भाग प्रोसेसरवर पुन्हा चालवून उत्तरं ताडून बघा. शेवटच्या दशांश स्थळांतला फरक चालतो, कारण बेरजेचा क्रम बदलतो. पहिल्या तीन-चार अंकांत फरक आला तर ते निकाल प्रबंधात घालू नका.

७. चढउतार कमी ठेवा. गादीवर ठेवू नका, जाळी मोकळी ठेवा, बॅटरी मेली असेल तर बदला. लाइट गेल्याबरोबर लॅपटॉप बंद पडत असेल तर दिवसातून चार-पाच तापण्या-थंडावण्याच्या फेऱ्या तुम्ही फुकट वाढवता.

आता एक गृहपाठ. पुढच्या आठवड्यात कुणी तुम्हाला एखादा ‘हमखास उपाय’ सांगेल, लॅपटॉपचा, पिकाचा नाहीतर सर्दीचा. त्याचे (अ), (ब), (क) वेगळे करून वहीच्या एका पानावर लिहा आणि कशाचा पुरावा तुमच्यासमोर आहे त्यावर खूण करा. पेटच्या मुलाखतीत ‘संशोधन म्हणजे काय’ विचारलं तर पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा ते पान जास्त कामाला येईल.